पेशीवाले आप्पा

आप्पांच्या दाढेची गोष्ट आधी सांगते, म्हणजे माणूस कसा होता ते कळेल आणि पुढचं सगळं सोपं जाईल.

खालची दाढ किडली होती. गाल असा सुजला होता की कोर्टात आप्पा एकाच बाजूनं युक्तिवाद करताहेत असं वाटायचं. शेवटी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना धरून गोलाईच्या चौकाजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. आप्पा खुर्चीत बसले. तोंड उघडलं. डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला, आणि आप्पांनी एक बोट वर केलं. डॉक्टर थांबले. आप्पांनी तोंड मिटलं, रुमालानं ओठ टिपले आणि अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आज आमची तयारी न्हाई. पुढची पेशी द्या."

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. पुढच्या वेळी सोमवार निघाला, सोमवारी आप्पांचा उपास. त्याच्या पुढच्या वेळी अमावस्या. त्याच्याही पुढच्या वेळी दाढ दुखतच नव्हती, त्यामुळे काढायला कारण उरलं नाही. असं करत उन्हाळा सरला आणि एक दिवस कोर्टाच्या बार रूममध्ये चहात बुडवलेली खारी खाताना दाढ आपणहून बाहेर आली. आप्पांनी ती तळहातावर घेऊन आम्हां सगळ्या वकिलांना दाखवली. "बगा," म्हणाले, "वादीनंच दावा काढून घेतला."

आमच्या लातूर-नांदेडकडे कोर्टाच्या तारखेला जुनी माणसं पेशी म्हणतात. शब्द निजामाच्या वेळचा, पण अजून ठणठणीत आहे. आणि पेशी वाढवून घेण्यात, म्हणजे आजची सुनावणी पुढं ढकलण्यात, आप्पांचा हात धरणारा वकील साऱ्या मराठवाड्यात नव्हता. पक्षकार गावाहून एसटीनं उतरले की कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला विचारायचे, "पेशीवाले आप्पा कुठं बसतेत?" चहावाला मान वर न करता कडुलिंबाकडं बोट दाखवायचा. लिंबाखाली, पत्र्याच्या खुर्चीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात उन्हानं तांबूस झालेला काळा कोट, असे आप्पा बसलेले असायचे. घराणं उदगीरचं. वडिलांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तुरीची अडत होती. भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवायचा, हे ते लहानपणापासून बघत आले होते. मला नेहमी वाटायचं की ते वकिली कायद्याच्या पुस्तकातून शिकलेच नाहीत, ती अडतीवरच शिकले.

मी त्यांच्या हाताखाली नव्हते. माझी सनद वेगळी, टेबल वेगळं, आणि बहुतेक वेळा बाजूही समोरची. लातूरच्या कोर्टात तेव्हा बायका म्हणजे मी आणि न्यायदेवतेचं चित्र. आप्पा मला "बाई" म्हणायचे आणि माझ्यावर सारखा एकच आक्षेप घ्यायचे. "बाई, तुमी लई घाई करायलाव. दावा म्हंजे काय पोळी हाय का, करपायला?"

ते स्वतः प्रतिवादीचे वकील. ज्याच्यावर दावा लागलाय तो आप्पांकडे जायचा, कारण दावा जितका लांबेल तितकं प्रतिवादीचं भलं. "वेळ हा आपला सगळ्यात चांगला साक्षीदार हाय," ते सांगायचे. "त्याला भत्ता लागत न्हाई, आन् उलटतपासणीत तो फुटत बी न्हाई."

त्यांचं कारण सांगणं ऐकण्यासारखं असायचं. आम्ही मागायचो तेव्हा आम्ही भीक मागतोय असं दिसायचं. आप्पा मागायचे तेव्हा जणू न्यायाधीशांच्या हातून पुण्यकर्म घडवून आणताहेत. पक्षकार मालेगावच्या जत्रेला गेलाय. साक्षीदाराची म्हैस व्यायला झालीय. कागदाचं सहावं पान लागत नाही. एसटी अहमदपूरच्या अलीकडं बंद पडली. आणि हे सगळं संपलं की सासरे वारले.

एकदा न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "आप्पा, तुमचे सासरे मागच्या वर्षीच वारले ना?"

"साहेब, ते सख्खे. हे चुलत."

"आणि पोळ्याच्या सुमारास वारले ते?"

"ते मानलेले, साहेब. पण जीव लई लावत होते."

हे अक्कांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी बीदरकडच्या कानडीत जे म्हटलं ते मला कळलं नाही. मराठीत म्हणाल्या ते कळलं. "माज्या माहेरची सगळी माणसं ह्यांनी कोर्टात मारून टाकली. जित्ती असताना दिवाळीला एकाला बोलावलं न्हाई."

घरीही तेच. न्हाव्याकडं अर्धी दाढी झाल्यावर आप्पा उठले आणि दोन दिवस एक गाल गुळगुळीत, एक गाल खरबरीत घेऊन हिंडले, ही हकीकत बारमध्ये सगळ्यांना पाठ होती. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा देखणा, नोकरदार, बोलणं गोड. त्यांनी विचारलं, "मग आप्पा, आमचा मुलगा पसंत?" आप्पा उभे राहिले, कोट नव्हता तरी कोटाची बटणं लावल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणणं मांडायला मुदत मिळावी." पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले. पुढं ते लग्न झालं, पण ते अक्कांनी आणि मुलीनं परस्पर जमवलं. आप्पांना फक्त अक्षता टाकायला बोलावलं, आणि अक्कांनी मुद्दाम त्यांच्या शेजारी एक भाचा उभा केला होता, मुदत मागायला तोंड उघडलं तर दाबायला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं आणि मी नेतेच. पण हा माणूस उगीच मोठा झालेला नव्हता. बाजारपेठेत एका खोलीत एक म्हातारी भाड्यानं राहायची. तिला मागं-पुढं कोणी नव्हतं. मालकानं खोली रिकामी करून मागितली, दावा लावला, आणि कागद बघितले तर मालकाची बाजू पक्की. दुसरा कुठलाही वकील महिन्या-दोन महिन्यांत हरला असता. आप्पांनी ती केस इतकी वर्षं पुढं ढकलली की मालकाचे केस पिकले, मालकाची सून आली आणि ती सून म्हातारीकडून लोणच्याचा मसाला शिकली. म्हातारी त्याच खोलीत, आपल्याच खाटेवर गेली. तिच्या तेराव्याला पंगतीत वाढत होता तो मालक. दावा तेव्हाही चालूच होता. आप्पांनी पुढच्या पेशीला न्यायाधीशांना सांगितलं की प्रतिवादीनं जागा रिकामी केली आहे. मी तेव्हा त्यांच्या मागच्या बाकावर होते. मला रडू आलं, हे इथं कबूल करते.

मग धाराशिवमधून फुटून लातूर हा नवा जिल्हा झाला. दुष्काळ मात्र जुनाच होता, तो काही धाराशिवला राहिला नाही, आमच्याबरोबर इकडं आला.

नव्या जिल्ह्याची लातूरला अशी नशा चढली होती की काय सांगू. पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. ज्याच्या त्याच्या दुकानावर 'जिल्हा' लागला: जिल्हा चप्पल भांडार, जिल्हा रसवंती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, पण माणसं रिकामी घागर कमरेवर घेऊन जिल्ह्याच्या गप्पा मारत टँकरची वाट बघायची. आप्पांनी तर आंघोळीलाही पेशी देऊन टाकली होती. "सरकारी धोरण हाय," म्हणायचे.

पण जिल्हा झाला तसं जिल्हा सरकारी वकिलाचं पद आलं, आणि त्या पदानं आप्पांची झोप उडवली. एखाद्या गोष्टीला त्यांनी पेशी मागितली नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते. लहान असताना वडिलांबरोबर ते कोर्टात आले होते. अडतीचं काहीतरी लचांड होतं. वडील दिवसभर भिंतीशी उभे. तेवढ्यात सरकारी वकील आला, त्याच्या मागं पट्टेवाला, आणि सगळी वकील मंडळी बाजूला सरकली. वडील पोराच्या कानात म्हणाले, "असा होशील का?" तो वकील बोलायला उठला की सुरुवातीला एकच शब्द म्हणायचा, 'सरकारतर्फे'. आयुष्यभर आप्पा गणपतरावातर्फे, शेख चाचातर्फे, कुठल्या कुठल्या म्हातारीतर्फे उभे राहिले. सरकारतर्फे कधी नाही. अक्का सांगायच्या, सकाळी विभूती लावताना आरशापुढं हळूच 'सरकारतर्फे' म्हणून बघतात. एकदा जाड आवाजात, एकदा बारीक.

नेमणूक कलेक्टरांच्या शिफारशीवर होती. कलेक्टर नवे, तरुण, तुरुतुरु चालणारे. त्यांनी ठरवलं की तोवर सरकारी खटले बारमधल्या चार-पाच जणांकडे वाटून द्यायचे, कोण कसं काम करतो बघायचं, मग नाव कळवायचं. आप्पांच्या वाट्याला एकच आला. आणि त्यात समोरची वकील मी.

खटला असा. अहमदपूरकडच्या एका खेड्यात सगळ्या विहिरी आटल्या होत्या, एक सोडून. ती एका बागायतदाराची. तहसीलदारानं ती गावाला प्यायच्या पाण्यासाठी ताब्यात घेतली. दुष्काळात तसा सरकारला अधिकार असतो. बागायतदार माझ्याकडं आला, आम्ही सरकारवर दावा लावला आणि मी पुढच्या पेशीपर्यंत मनाई हुकूम मिळवला. म्हणजे तोवर विहिरीला सरकारनं हात लावायचा नाही. आता यात गंमत कुठं आहे ते नीट बघा. सरकार इथं प्रतिवादी होतं. आप्पा नेहमीप्रमाणं प्रतिवादीचे वकील होते. पण मनाई हुकूम आधीच लागलेला असल्यामुळं या एका खटल्यात उशीर माझ्या फायद्याचा होता. पेशी जितकी वाढेल तितका माझा पक्षकार खूश आणि गाव तहानलेलं. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना घाई करायची होती.

आणि त्यांनी तयारी केली होती, खोटं का बोलू. दोन दिवस लिंबाखाली बसून कायदा वाचत होते. मी मात्र काहीच वाचलं नव्हतं. मी त्यांचीच विद्या वापरणार होते. पक्षकाराला ताप आहे असं सांगून पुढची पेशी घ्यायची, एवढाच माझा बेत.

पेशीच्या दिवशी गावच्या पंधरा-वीस बाया टेम्पोत बसून आल्या होत्या. घागरी बरोबर, कारण येताना वाटेत कुठं टँकर दिसला तर. शिपायानं घागरी बाहेर ठेवायला लावल्या. बाया मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. पुढं कोंडाबाई होती, गावात तिच्या शब्दाला मान. शेजारी तहसीलदार, कलेक्टरांना जाऊन सांगायला.

खटला पुकारला. न्यायाधीशांनी कागद उलटले, मान वर केली आणि नेहमीच्या सवयीनं आप्पांकडं बघितलं. ते तसे कितीतरी वर्षं बघत आले होते. त्या बघण्याबरोबर आप्पा उठले, कोटाचं बटण लावलं आणि गोड आवाजात म्हणाले, "साहेब, पुढची पेशी मिळावी, ही नम्र विनंती."

मी अर्धवट उठले होते ती तशीच राहिले. माझं वाक्य त्यांनी म्हटलं होतं.

स्टेनोची पेन्सिल थांबली. आप्पांच्या चेहऱ्यावर अजून ते समाधान होतं, काम नीट झाल्याचं. मग मागून कोंडाबाईचा आवाज आला, अगदी साधा, विचारल्यासारखा. "आप्पा, तुमी आमच्याकडूनच हाव न्हवं?"

आप्पांनी वळून बघितलं. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली होताना मी पाहिली. एवढा मोठा माणूस, आणि त्याला आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे त्याच्याच तोंडानं विसरायला लावलं. ज्या हातोटीवर त्यांनी नाव कमावलं, तिला आता त्यांना विचारायचीही गरज राहिली नव्हती.

न्यायाधीश मला म्हणाले, "वादीचं म्हणणं?"

"हरकत नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

तेवढ्यात तहसीलदार पुढं वाकून आप्पांच्या कानाशी कुजबुजले. मी समोरच होते, मला ऐकू आलं. "आप्पा, बसा आता. पेशी पडू द्या. कोर्टात पेशी पडतच असती. मी वर कळवत न्हाई."

खरंच होतं ते. पेशी पडणं ही बातमी नसते. आप्पा गप्प बसले असते तर कलेक्टरांना काहीही कळलं नसतं, पद बहुतेक त्यांनाच मिळालं असतं आणि पुढच्या पेशीला त्यांनी विहीर सोडवलीही असती. मधले तीन आठवडे फक्त बायांचे गेले असते.

न्यायाधीशांनी पेन उचललं. आप्पा आपली जागा सोडून टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "बाई, जरा सरका," म्हणाले. मी सरकले.

"साहेब," माझ्या जागेवर उभे राहून ते म्हणाले, "या मुदतअर्जाला माझी सक्त हरकत आहे."

"आप्पा, अर्ज तुमचाच आहे."

"म्हणूनच, साहेब. अर्ज करणाऱ्या वकिलाला मी लहानपणापासून ओळखतो. पहिला मुद्दा, अर्जात कारण दिलेलं नाही. दुसरा मुद्दा, दिलं असतं तर ते खोटं असतं."

बार रूम रिकामी झाली असावी, कारण दारात वकिलांची गर्दी लोटली. आप्पा सुटले होते. पंचवीस वर्षं मुदत मागणारा माणूस मुदतीविरुद्ध बोलत होता आणि एकेक गुपित स्वतः उघडं करत होता. साहेब, या इसमाच्या कोणत्याही साक्षीदाराची म्हैस कधीच व्याली नाही. अहमदपूरच्या अलीकडं एसटी बंद पडते ती फक्त पेशीच्या दिवशी. सहावं पान याच्याच खिशात असतं. आणि सासरे म्हणाल, तर याला आजवर एकच सासरा होता आणि तो बीदरला खणखणीत आहे, मागच्याच महिन्यात त्यानं आंबे पाठवले.

न्यायाधीशांनी तोंडापुढं फाइल धरली होती. फाइल हलत होती. त्यांनी आवाज सावरून विचारलं, "यावर प्रतिवादीचं काय म्हणणं आहे?"

आप्पा पुन्हा टेबलाला वळसा घालून आपल्या जागी गेले. क्षणभर विचार केला. "साहेब, समोरच्या वकिलांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. आम्ही अर्ज मागं घेतो."

आता बायाही हसायला लागल्या. मी अजून बाजूला सरकलेलीच होते, माझ्याच खटल्यात मला उभं राहायला जागा नव्हती. स्टेनोनं रडकुंडीला येऊन विचारलं, "साहेब, हे सगळं कोणातर्फे लिहू?"

आप्पांनी तहसीलदारांकडं बघितलं. तहसीलदार मान हलवत होते, नको म्हणून. आप्पांच्या स्वतःच्या नावावर लिहिलं असतं, वकिलाची चूक असं लिहिलं असतं, तर अजून निभावलं असतं. सरकारच्या नावावर ही सर्कस चढली की संपलं.

"सरकारतर्फे लिहा," आप्पा म्हणाले. "अर्ज बी सरकारतर्फे, हरकत बी सरकारतर्फे. आन् आता सरकारतर्फे दावा चालवायचाय."

मग मला जाग आली. मी म्हणाले, माझ्या पक्षकाराला ताप आहे, मला मुदत हवी. आप्पांनी माझ्याकडं प्रेमानं बघितलं, शिष्याकडं बघावं तसं. "साहेब, बाईंच्या पक्षकाराला ताप आहे हे मला मान्य आहे. तो बाहेर लिंबाखाली, माझ्याच खुर्चीत बसून ऊस खातोय. एवढ्या दुष्काळात तो ऊस कुठल्या पाण्यावर आला, एवढंच कोर्टानं त्याला विचारावं."

शिपाई पक्षकाराला घेऊन आला. त्याच्या हातात अजून कांडकं होतं. विचारण्यासारखं फार उरलं नाही. मनाई हुकूम उठला, विहीर गावाची झाली, आणि बाया घागरी उचलून टेम्पोत चढल्या त्या सासऱ्याचं सांगणाऱ्या आप्पांची नक्कल करत.

पद आप्पांना मिळालं नाही. त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान, नीटस, काहीही न विसरणाऱ्या वकिलाचं नाव गेलं. कलेक्टर म्हणाले असं ऐकलं की, आपण कोणाच्या बाजूला आहोत हे ज्याला मध्येच आठवतं त्याला मी सरकार कसं सोपवू. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. आप्पा नव्या सरकारी वकिलाला हार घालायला गेले, फोटोत हसलेसुद्धा. पण पुढं बरेच दिवस ते लिंबाखाली बसून नुसते समोर बघत राहायचे, चहा गार व्हायचा. मी केस हरले होते, पक्षकारानं माझ्याकडचे कागद काढून नेले होते, तरी मला माझं काही वाटत नव्हतं. त्यांचं फार वाईट वाटायचं. अक्का म्हणाल्या, "आरशापुढं आता नुसतीच विभूती लावतेत."

आणि धंदाही बसला. स्वतःच्या सगळ्या युक्त्या भर कोर्टात उघड करून बसलेल्या माणसाला पेशी कोण देणार. जुने प्रतिवादी दुसरीकडं गेले. आप्पा नाइलाजानं वादीचे खटले घ्यायला लागले आणि, काय सांगू, सगळ्यांच्या आधी कोर्टात येऊन बसायला लागले.

पण एक नवीनच प्रकार सुरू झाला. कोणीही वकील पेशी मागायला उठला की न्यायाधीश आधी आप्पांकडं बघायचे. आप्पा कुठंही बसलेले असोत. कारण खोटं असलं की आप्पा छताकडं बघायला लागायचे. बोलायचे काहीच नाहीत, नुसते पंखा बघायचे. न्यायाधीश म्हणायचे, "चालवा." साऱ्या बारला धडकी भरली. ज्याला पेशी हवी असेल तो आप्पांना आधी आग्रहानं बाहेर नेऊन चहा आणि भजी खिलवायचा, आणि त्याचा सोबती आत अर्ज द्यायचा. आप्पांचं त्या काळात चांगलंच वजन वाढलं.

शेवटचं सांगते ते माझं आहे. त्याच कोर्टात माझा एक वाटणीचा खटला होता, समोर आप्पा. त्यांचे दोन म्हातारे साक्षीदार उदगीरहून आले होते, त्यांची उलटतपासणी मला त्याच दिवशी घ्यायची होती. खटला पुकारायच्या जरा आधी बार रूममध्ये फोन आला. माझं माहेर मुदखेडचं, वडील रेल्वेत होते. भाऊ बोलत होता. आई मोरीत पडली होती, नांदेडच्या दवाखान्यात होती, शुद्धीवर नव्हती. मी फोन ठेवला तोवर शिपाई माझं नाव पुकारत होता. कोणाला काही सांगायला वेळच झाला नाही. तशीच आत गेले.

मी बोलण्यात कधी कमी पडलेली नाही. त्या दिवशी मला वाक्य जुळेना. "साहेब, पेशी... माझी आई... नांदेडला..." एवढं म्हणून मी टेबल धरलं. न्यायाधीशांनी सवयीनं आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. आप्पांचे म्हातारे साक्षीदार दारात उभे, त्यांना पुन्हा आणायचं म्हणजे किती यातायात. शिवाय मी पंधरा दिवसांमागंच याच कोर्टात आजारी मामाचं कारण दिलं होतं, आणि तेव्हा आप्पांनी पंखा बघितला होता.

आप्पांनी पंख्याकडं बघितलं नाही. ते उठून उभे राहिले. "कारण खरं आहे, साहेब," म्हणाले. "पेशी द्या."

न्यायाधीशांनी मला एक शब्द विचारला नाही. आप्पांनी त्या म्हाताऱ्यांपैकी एकाच्या नातवाची जीप होती ती मला एसटी स्टँडपर्यंत दिली, आणि संध्याकाळी मी आईच्या उशाशी होते. आईनं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि मला बघून म्हणाली, "कोर्ट सोडून आलीस?"

आई घरी आल्यावर मी परत गेले. आप्पा लिंबाखाली होते. मी विचारलं, "आप्पा, मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं खरं आहे ते?"

"तुमी अडखळलाव, बाई," आप्पा म्हणाले. "पंचवीस वर्षांत मी एकदा बी अडखळलो न्हाई."